चिन्ह का उलटते? : असमानतेच्या शिक्षणाविषयी

उपेक्षित चिन्ह

शालेय गणितात बरोबरीच्या चिन्हास जो मान आहे, तो 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठे' या दोन चिन्हांच्या वाट्यास आलेला नाही. पहिल्या इयत्तेपासून शालान्त परीक्षेपर्यंत विद्यार्थी बरोबरीच्या सोबतीने चालतो. बेरीज करावयाची ती बरोबरीच्या चिन्हापुढे उत्तर लिहिण्यासाठी, आणि समीकरण सोडवावयाचे तेही बरोबरीचा तोल सांभाळून. असमानतेची गाठ मात्र प्रथम लहान वर्गांत पडते, तीही दोन संख्यांमधील रिकाम्या जागी योग्य चिन्ह भरण्यापुरती. त्यानंतर ती दीर्घकाळ दृष्टीआड होते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या, देशभर दीर्घकाळ वापरात असलेल्या पाठ्यपुस्तकांत एकघाती असमानतांचे स्वतंत्र प्रकरण अकराव्या इयत्तेत येते. सहावी ते आठवी या वर्षांत विद्यार्थी ऋण संख्या, अपूर्णांक आणि समीकरणे यांचा परिचय करून घेतो. असमानतेचा विचार खऱ्या अर्थाने रंगतदार होतो तो याच तीन गोष्टींमुळे. आणि नेमक्या याच वर्षांत तो बाजूस राहतो.

व्यवहाराची रीत याच्या उलट आहे. पुलावरून अमुक भाराहून अधिक भाराचे वाहन नेऊ नये, उत्तीर्ण होण्यास अमुक गुणांहून कमी गुण चालणार नाहीत, औषधाची मात्रा इतकीहून कमी नसावी व इतकीहून अधिक नसावी, अशा मर्यादांनी माणसाचा दिवस भरलेला असतो. फार काय, प्रत्येक मोजमाप ही एक असमानताच असते. एखादी फळी सेंटिमीटरच्या पट्टीने मोजून तिची लांबी ६४ सेंटिमीटर आहे असे म्हटले, तर त्याचा खरा अर्थ इतकाच की ती लांबी ६३·५ आणि ६४·५ यांच्या दरम्यान कोठेतरी आहे. बरोबरीचे चिन्ह तेथे सोयीसाठी लिहिले जाते; सत्य सांगतात ती बाजूची दोन चिन्हे.

असमानतेचा विषय अखेर जेव्हा वर्गात येतो, तेव्हा बहुधा एका वाक्याच्या रूपाने येतो : 'दोन्ही बाजूंना ऋण संख्येने गुणले किंवा भागले असता चिन्ह उलटवावे.' हे वाक्य खरे आहे. परंतु ते आज्ञा म्हणून सांगितले जाते, आणि आज्ञेस कारण विचारण्याची प्रथा नसते. हा नियम अपवाद नव्हे, संख्यांच्या क्रमाचा तो स्वाभाविक परिणाम होय. तो पाठ करून घेण्याऐवजी बारा-तेरा वर्षांच्या मुलांकडून शोधून घेणे शक्य आहे आणि तसेच केले पाहिजे, हा विचार येथे मांडावयाचा आहे.

पाठ केलेला नियम

केवळ पाठ केलेल्या नियमाचे काय होते, हे कोणत्याही वर्गातील उत्तरपत्रिकांवरून दिसून येते. −३क्ष < १२ हे उदाहरण घ्यावे. येथे दोन्ही बाजूंना −३ ने भागावयाचे आहे. नियम विसरलेला विद्यार्थी क्ष < −४ असे लिहितो. क्षच्या जागी −५ ठेवून पाहिले, तर डावी बाजू १५ येते, आणि १५ ही संख्या १२ पेक्षा लहान नाही. म्हणजे उत्तर चुकले. खरे उत्तर क्ष > −४ हे आहे.

ही चूक सर्वांना ठाऊक असते, आणि तिच्यावर उपाय म्हणून तो नियम अधिक जोराने घोकून घेतला जातो. त्यातून दुसरी चूक जन्मास येते. ३क्ष < −१२ या उदाहरणात भागावयाची संख्या ३ आहे, ती धन आहे; चिन्ह उलटण्याचे काहीच कारण नाही. परंतु 'ऋण दिसले की उलटवा' असा मनाचा ग्रह झालेला विद्यार्थी उजवीकडील −१२ पाहतो व क्ष > −४ असे लिहून मोकळा होतो. क्षच्या जागी शून्य ठेवले असते, तर ० < −१२ असे अशक्य विधान त्याच्या समोर आले असते. तिसरा विद्यार्थी याहूनही पुढे जातो : क्ष − ७ < २ यात वजाबाकीचे चिन्ह दिसताच तो क्ष > ९ असे लिहितो.

पहिल्या विद्यार्थ्याने नियम विसरल्यामुळे चूक केली, तर दुसऱ्या व तिसऱ्या विद्यार्थ्याने तो लक्षात ठेवल्यामुळे केली. हा भेद शिक्षकाने विसरू नये. ज्या नियमाचे कारण माहीत नाही, त्याची हद्दही माहीत नसते. त्यांच्या स्मरणात 'ऋण' आणि 'उलट' हे दोन शब्द राहिले. कोणती क्रिया कशावर झाली, हे राहिले नाही.

चार क्रियांचा स्वभाव

यावर उपाय एकच : प्रत्येक क्रियेपुढे एक प्रश्न ठेवावा. ही क्रिया केल्यावर संख्यांचा लहानमोठेपणाचा क्रम तसाच राहतो, उलटतो, की नष्ट होतो? संख्यारेषा समोर काढली, तर या प्रश्नाचे उत्तर मुलांना डोळ्यांनी दिसते.

प्रथम बेरीज. धाकट्या भावाचे वय ९ व थोरल्याचे १३ असेल, तर दहा वर्षांनी ते १९ व २३ होईल. दोघांच्या वयात तितकीच वर्षे मिळविली गेली. थोरला थोरलाच राहिला आणि अंतरही चार वर्षांचेच राहिले. पाच वर्षांपूर्वी, म्हणजे दोघांच्या वयांतून ५ वजा केले असता, स्थिती हीच होती. संख्यारेषेवर बेरीज म्हणजे सर्व बिंदूंनी एकाच दिशेने सारखी पावले टाकणे, आणि वजाबाकी म्हणजे तितकीच पावले मागे येणे. रांगेतील सर्व मुले एकदमच चार पावले सरकली, तर पुढचा मागे जात नाही. म्हणून बेरीज आणि वजाबाकी क्रम राखतात. मिळविलेली संख्या धन असो वा ऋण असो.

आता धन संख्येने गुणाकार. एकाजवळ ३ रुपये आणि दुसऱ्याजवळ ५ रुपये आहेत. त्यांचे पैसे केले, म्हणजेच १०० ने गुणले, तर ३०० व ५०० पैसे झाले. अंतर २ चे २०० झाले, पण अधिक धन ज्याचे होते त्याचेच राहिले. संख्यारेषा येथे शून्यापाशी धरून रबराप्रमाणे ताणली जाते. धन संख्येने भागणे म्हणजे ती आखडणे किंवा ताणणे. क्रम दोन्हीकडे राहतो.

शून्याने गुणाकार हा वेगळाच प्रकार आहे. ३ < ५ या असमानतेस शून्याने गुणले, तर दोन्ही बाजूंस शून्य येते. क्रम राहिला नाही आणि उलटलाही नाही. तो पुसला गेला. रबर इतके आखडले की सारे बिंदू एका ठिकाणी जमा झाले. शून्याने गुणल्यावर कोण लहान होते व कोण मोठे होते, हे परत कोणत्याही उपायाने कळू शकत नाही.

वहीची दुसरी बाजू

राहिला ऋण संख्येने गुणाकार. त्यासाठी गावातील किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीइतके चांगले साधन शोधून सापडणार नाही. दोन गिऱ्हाइकांच्या नावे उधारी मांडलेली आहे : एकाकडे ५० रुपये, दुसऱ्याकडे ८० रुपये. दुकानदाराच्या बाजूने पाहता ही रक्कम त्याचे येणे आहे. ५० < ८०, म्हणजे दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून त्यास अधिक मिळावयाचे आहे. तीच वही गिऱ्हाइकांच्या बाजूने वाचली, की येण्याचे देणे होते. पहिल्याची स्थिती −५०, दुसऱ्याची −८०. या दोघांत अधिक बरी स्थिती कोणाची, असे विचारले तर शाळेची पायरी न चढलेला माणूसही पहिल्याकडे बोट दाखवील. म्हणजेच −५० > −८०.

वही बदलली नाही, माणसे बदलली नाहीत आणि आकडेही बदलले नाहीत. वाचणाऱ्याची बाजू तेवढी बदलली, आणि बाजू बदलणे म्हणजेच −१ ने गुणणे. संख्यारेषेवर हीच क्रिया शून्याभोवती रेषा फिरवून ठेवण्याची आहे : उजवीकडील बिंदू डावीकडे तितक्याच अंतरावर जातो. शून्यापासून जो सर्वांत दूर उजवीकडे होता, तो आता सर्वांत दूर डावीकडे, म्हणजे सर्वांत लहान ठरतो. −३ ने गुणणे म्हणजे प्रथम ३ ने ताणणे व नंतर फिरविणे. ताणण्याने क्रम राहतो, फिरविण्याने उलटतो; म्हणून एकूण परिणाम उलटण्याचा.

ज्या विद्यार्थ्यास दृष्टांताने समाधान होत नाही, त्याच्यासाठी सिद्धताही दूर नाही. अ < ब आहे असे समजावे. वजाबाकीने क्रम बदलत नाही हे वर पाहिले आहे. म्हणून दोन्ही बाजूंतून (अ + ब) वजा करावे. डावीकडे −ब उरते आणि उजवीकडे −अ उरते. म्हणजे −ब < −अ. चिन्ह उलटण्याचा सारा नियम या एका ओळीत आला, आणि तो भावांच्या वयाच्या नियमातूनच निघाला. जे मुलाने आधीच मान्य केले होते, त्याहून नवे काहीही त्याच्याकडून मान्य करवून घ्यावे लागले नाही.

याच मार्गाने −३क्ष < १२ हे उदाहरण नियमाचा उच्चारही न करता सोडविता येते. दोन्ही बाजूंत ३क्ष मिळवावे : ० < १२ + ३क्ष. दोन्ही बाजूंतून १२ वजा करावे : −१२ < ३क्ष. तीनाने भागावे : −४ < क्ष. कोठेही चिन्ह उलटविले नाही. क्ष तेवढा दुसऱ्या बाजूस गेला. असे दोन-चार वेळा केल्यावर, 'ऋण संख्येने भागून चिन्ह उलटविले असते तर हेच उत्तर लवकर आले असते', असे विद्यार्थी आपण होऊन म्हणतो. तेव्हा तो नियम त्याचा झालेला असतो.

इतिहासाची साक्ष

या बाबतीत चुकणाऱ्या विद्यार्थ्यास मंद समजणे अन्यायाचे होईल. बरोबरीचे चिन्ह इंग्लंडमध्ये रॉबर्ट रेकॉर्ड याच्या १५५७ च्या ग्रंथात छापले गेले. < आणि > ही चिन्हे टॉमस हॅरियट या गणितज्ञाच्या ग्रंथात आली, आणि तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६३१ मध्ये प्रसिद्ध झाला. 'लहान किंवा बरोबर' अशा अर्थाची जोडचिन्हे प्येर बूगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७३४ मध्ये वापरली. चिन्हांच्या जगात असमानता ही बरोबरीची धाकटी बहीण आहे.

ऋण संख्यांची कथा याहून जुनी आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा अध्याय भारतात लिहिला गेला. भिल्लमाळ, म्हणजे आजच्या राजस्थानातील भीनमाळ, येथील ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला. त्यात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम स्पष्ट दिलेले आहेत : धन आणि ऋण यांचा गुणाकार ऋण, ऋण आणि ऋण यांचा गुणाकार धन. धन म्हणजे संपत्ती व ऋण म्हणजे कर्ज, हे शब्दच उधारीच्या वहीतले आहेत. मराठी विद्यार्थी आजही तेच शब्द वापरतो. त्यांचा मूळ अर्थ त्याच्या ध्यानी आणून दिला, तर अर्धे काम भाषाच करते.

युरोपातील विद्वानांना मात्र हे दीर्घकाळ पचले नाही. सतराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत आंत्वान आर्नो याने विचारलेला प्रश्न प्रसिद्ध आहे. −१ चे १ शी जे गुणोत्तर, तेच १ चे −१ शी, असे नियम सांगतो. परंतु −१ ही संख्या १ पेक्षा लहान आहे. मग लहानाचे मोठ्याशी असलेले गुणोत्तर मोठ्याच्या लहानाशी असलेल्या गुणोत्तराइतके कसे असू शकेल? प्रश्न वरवरचा नव्हता. याचे उत्तर असमानतेच्या नियमातच आहे. 'मोठ्यास लहानाने भागले, तर भागाकार १ हून अधिक येतो' ही समजूत तेव्हाच खरी, जेव्हा भाजक धन असतो. १ > −१ या असमानतेस −१ ने भागले, की क्रम उलटतो आणि भागाकार १ हून कमी येतो. विरोध नाहीसा झाला. ज्या प्रश्नाने एका मोठ्या तार्किकास अडविले, तेथे सातवीतील मूल क्षणभर थांबले, तर ते योग्य ठिकाणीच थांबले असे म्हटले पाहिजे.

क्रम उलटविणारी मापे विज्ञानात प्रत्यक्ष वापरात होती, आणि आजही आहेत. स्वीडिश ज्योतिर्विद अँडर्स सेल्सियस याने १७४२ मध्ये जी तापमानश्रेणी सुचविली, तिच्यात पाण्याच्या उत्कलनबिंदूस ० आणि गोठणबिंदूस १०० असे अंक दिले होते. आजच्या अंशांतील तापमान १०० मधून वजा केले, म्हणजे त्या श्रेणीतील अंक मिळतो. २५ अंशांची खोली तेथे ७५ वर आणि ३७ अंशांचे शरीर ६३ वर. अधिक उष्ण ते लहान अंकाचे! १७४४ मध्ये सेल्सियस वारला, आणि त्यानंतर लवकरच ती श्रेणी उलटी करून घेण्यात आली. तापमान वजा करावे लागते, म्हणजे ते प्रथम −१ ने गुणले जाते. म्हणून क्रम उलटतो. याउलट सेल्सियसचे फॅरनहाइट करताना नऊ पंचमांशाने गुणून ३२ मिळवितात. दोन्ही क्रिया क्रम राखणाऱ्या आहेत, म्हणून जे एका मापाने अधिक उष्ण, ते दुसऱ्यानेही अधिक उष्णच ठरते.

ताऱ्यांच्या तेजस्वितेचे माप आजही उलटे आहे. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या तारकासूचीत सर्वांत तेजस्वी तारे पहिल्या प्रतीचे व अगदी मंद ते सहाव्या प्रतीचे मानले आहेत. १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसन या इंग्रज ज्योतिर्विदाने त्या प्रतींना निश्चित गणिती रूप सुचविले : पाच प्रतींचे अंतर म्हणजे तेजस्वितेत शंभर पटींचा फरक. पुढे हाच पॉगसन मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला, आणि १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. त्याच्या सूत्रात गुणकाचे चिन्ह ऋण आहे. म्हणून ध्रुवताऱ्याची प्रत सुमारे २ असते, आणि त्याहून पुष्कळ तेजस्वी दिसणाऱ्या व्याधाची −१·४६. आकाशाचा नकाशा वाचू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास हे विचित्र वाटते. उलटा क्रम म्हणजे काय हे ज्यास कळले आहे, त्यास वाटत नाही.

नियमापलीकडे

केवळ 'ऋणाने गुणले तर उलटवा' एवढेच ज्यास येते, तो पुढच्या वळणावर पुन्हा अडखळतो. कारण क्रम उलटविणाऱ्या किंवा बिघडविणाऱ्या क्रिया इतरही आहेत.

१२० किलोमीटरचे अंतर ताशी ४० किलोमीटर वेगाच्या गाडीने तीन तासांत आणि ताशी ६० किलोमीटर वेगाच्या गाडीने दोन तासांत काटले जाते. वेग अधिक, तर वेळ कमी. येथे कोठेही ऋण संख्या नाही, तरीही क्रम उलटला. कारण वेग भाजकस्थानी आहे. दोन धन संख्यांचे व्यस्त घेतले, की क्रम उलटतो. परंतु −२ < ३ यांचे व्यस्त घेतले तर −१/२ आणि १/३ येतात, आणि क्रम उलटत नाही. वर्ग करण्याचेही असेच. धन संख्यांत मोठ्याचा वर्ग मोठाच. पण −५ < ३ असताना त्यांचे वर्ग २५ आणि ९ येतात. ६/क्ष > २ या उदाहरणात दोन्ही बाजूंना क्षने गुणून क्ष < ३ असे उत्तर देणारा विद्यार्थी, क्ष धन आहे की ऋण, हे विचारावयास विसरलेला असतो. क्ष = −१ घेतल्यास डावी बाजू −६ येते; ती २ पेक्षा मोठी नाही. खरे उत्तर शून्य आणि ३ यांच्या दरम्यानच्या संख्या हेच आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट दोन असमानतांच्या वजाबाकीची. दोन असमानतांची बेरीज करता येते. वजाबाकी करता येत नाही. एका कुटुंबाचे मासिक उत्पन्न ३०,००० रुपये व दुसऱ्याचे २५,००० रुपये आहे, असे समजावे. पहिल्याचा खर्च २८,००० आणि दुसऱ्याचा २०,०००. उत्पन्न पहिल्याचे अधिक, खर्चही पहिल्याचाच अधिक. शिल्लक मात्र पहिल्याची २,००० आणि दुसऱ्याची ५,०००. 'उत्पन्न अधिक म्हणून शिल्लक अधिक' असा निष्कर्ष काढणारा माणूस गणितात नापास झालेला नसतो. त्यास हे गणित कोणी शिकविलेलेच नसते. तसेच, एका शाळेचे ८० पैकी ४० विद्यार्थी उत्तीर्ण झाले आणि दुसरीचे ४० पैकी ३०. उत्तीर्णांची संख्या पहिल्या शाळेत अधिक आहे, प्रमाण दुसऱ्या शाळेत अधिक आहे. वृत्तपत्रांतील आकडे वाचणाऱ्या प्रत्येक नागरिकास हा भेद कळला पाहिजे.

मोजमापाच्या बाबतीत याच ज्ञानावर उत्तराचा खरेपणा अवलंबून असतो. एका दगडाचे वस्तुमान ५२ व ५३ ग्रॅम यांच्या दरम्यान आहे आणि घनफळ १९ व २० घन सेंटिमीटर यांच्या दरम्यान आहे. त्याच्या घनतेच्या मर्यादा कोणत्या? अविचाराने लहानास लहानाने व मोठ्यास मोठ्याने भागले, तर ५२/१९ म्हणजे सुमारे २·७४ आणि ५३/२० म्हणजे २·६५ येतात. 'लहान' मर्यादा 'मोठी' हून मोठी निघाली! भाजक वाढला की भागाकार घटतो, हे ज्याच्या ध्यानी आहे तो ५२/२० आणि ५३/१९ घेतो, आणि घनता २·६ व सुमारे २·७९ यांच्या दरम्यान आहे असे योग्य उत्तर देतो. आर्किमिडीजने वर्तुळाचा परीघ व व्यास यांचे गुणोत्तर २२३/७१ पेक्षा मोठे आणि २२/७ पेक्षा लहान आहे असे सिद्ध केले, ते अशाच मर्यादा पायरीपायरीने सांभाळून. २२/७ ही त्या गुणोत्तराची किंमत नव्हे, ती त्याची वरची मर्यादा होय. आपल्याकडील आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये ६२८३२/२०००० हे मान दिले आणि ते 'आसन्न', म्हणजे जवळचे, असल्याचे स्पष्ट सांगितले. शाळेत २२/७ पुढे बरोबरीचे चिन्ह लिहून मोकळे होणाऱ्यांनी या दोघांचा काटेकोरपणा आठवावा.

आक्षेप आणि उत्तर

यावर अनुभवी शिक्षकांचा एक आक्षेप आहे, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. अभ्यासक्रम मोठा, तासिका थोड्या, वर्गात मुलांची गर्दी. अशा स्थितीत कारणमीमांसा करीत बसल्यास सराव राहून जातो; नियम आधी द्यावा, अर्थ मागाहून कळेल. शिवाय सरावाने क्रिया हातात बसावी लागते, आणि हाताने विचार न करता अचूक काम करणे ही गणितातील उणीव नसून सोय आहे.

यांतील दुसरे म्हणणे पूर्णतः मान्य करण्याजोगे आहे. नियम नकोच, असे कोणीही म्हणू नये. प्रश्न नियम असावा की नसावा हा नसून, तो आरंभी यावा की अखेरीस यावा हा आहे. 'अर्थ मागाहून कळेल' ही आशा मात्र बहुधा फलद्रूप होत नाही. मागाहून पुढचे प्रकरण येते. वेळेविषयी म्हणावयाचे, तर उधारीच्या वहीस आणि संख्यारेषेस मिळून दोन तासिका पुरतात. नियमाच्या चुकीच्या वापराची दुरुस्ती करण्यात याहून अधिक तासिका खर्ची पडतात.

यास्तव तीन गोष्टी सुचविता येतील. पहिली, सहाव्या-सातव्या इयत्तेत ऋण संख्यांची ओळख होताच असमानता तेथे जोडावी. ऋण संख्यांच्या गुणाकाराचा प्रत्येक धडा 'क्रमाचे काय झाले?' या प्रश्नाने संपावा. दुसरी, असमानतेचे प्रत्येक उत्तर एक संख्या घालून पडताळण्याची सवय लावावी. वर दाखविलेली प्रत्येक चूक अशा पडताळ्याने क्षणात उघडी पडते. त्यास शिक्षक लागत नाही आणि उत्तरसूचीही लागत नाही. तिसरी, परीक्षेत 'सोडवा' या प्रश्नासोबत 'येथे चिन्ह का उलटले?' किंवा 'येथे ते का उलटले नाही?' असाही प्रश्न असावा, व त्यास गुण असावेत. जे विचारले जात नाही ते शिकविले जात नाही, हे शाळेचे वास्तव आहे.

हा केवळ एका नियमाचा प्रश्न नव्हे. कारण न विचारता नियम मानण्याची सवय गणिताच्या तासाला लागली, तर ती त्या तासापुरती राहत नाही. 'अधिक' आणि 'कमी' या दोन शब्दांवर बाजारात, कचेरीत आणि निवडणुकीत रोज निष्कर्ष उभे केले जातात. कोणत्या क्रियेने अधिकाचे अधिकच राहते आणि कोणत्या क्रियेने त्याचे उणे होते, हे तपासून पाहण्याची पहिली संधी मुलास सातवीच्या वर्गात, किराणा दुकानाच्या त्या साध्या वहीपाशी मिळते. ती त्यास नाकारली जाऊ नये.